बाबांच्या पायाचे नऊ फोटो

आमच्या क्लिनिकमध्ये पेशंटला कुणी "श्वास रोखा" असं सांगत नसे. छातीचा फोटो काढायला माणूस उभा राहिला की एक्सरेबाई बटणापाशी जायच्या आणि ओरडायच्या, "आता गप! गळाला मासा लागलाय, हललास तर जाईल!" खाडीवरचा म्हातारा असो की कचेरीतला साहेब, माणूस जागच्या जागी थिजायचा. आमच्याइतके स्वच्छ फोटो त्या काळी रत्नागिरीत दुसरीकडे निघत नसत. हे मी आज कबूल करते. तेव्हा मेले असते तरी केलं नसतं.

त्यांचं नाव हजेरीच्या वहीत होतं, पण हाक त्या नावाने कुणी मारत नसे. जयगडच्या खाडीकडच्या एका वाडीतून एकोणीस वर्षांची मुलगी केर काढायला आली, ती पुढे सगळ्या गावाची एक्सरेबाई झाली. माझे वडील रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे वाचणारे डॉक्टर. त्यांनी बाईंना आधी डार्करूममध्ये प्लेटा धुवायला शिकवलं, मग मशीन चालवायला, मग परीक्षेचा फॉर्म भरून द्यायला लावला. आणि मग फोटो वाचायलाही शिकवलं. ते मला कधीच गिळता आलं नाही.

आई माझ्या लहानपणीच गेली होती. घरात मी आणि बाबा. दहावीनंतर मी मुंबईला शिकायला गेले, तिथेच डॉक्टर झाले, बाबांच्याच विषयात पुढचं शिक्षण घेतलं. सुट्टीला यायची तेव्हा संध्याकाळी क्लिनिकमध्ये डोकवायची. पेशंट गेलेले असायचे, दिवे मालवलेले, भिंतीवरची प्लेटा बघायची दिव्याची पेटी, व्ह्यू बॉक्स, तेवढी पेटलेली, आणि त्या पांढऱ्या उजेडात दोन डोकी जवळजवळ टेकलेली. बाबा पेन्सिलीच्या टोकाने काहीतरी दाखवतायत आणि बाई मान हलवतायत. मी दारात उभी राहिले की बाबा वळून म्हणायचे, "अरे, तू आलीस! जेवलीस का?" मला विचारायचे ते जेवणाचं. हाडांचं बाईंना विचारायचे.

पदवी मला मिळाली. धडे मात्र बाईंना मिळाले.

बाईंच्या कमरेला, पदराच्या आत, एक सहा इंची स्टीलची पट्टी खोचलेली असे. त्या सगळं मोजायच्या. हाडं तर मोजायच्याच, पण बाजारात पापलेट घेतानाही पट्टी लावायच्या. कोळणी वैतागून म्हणायच्या, "काय गो बाई, कपडे शिवतेस काय त्याला?" पेशंटला फोटो हातात द्यायच्या आधी लागलं कसं हे त्याच्याकडून ऐकायच्याच. घाईत असला तर बाकावर बसवून ठेवायच्या. "फोटो काढला म्हणजे बघितला असा नाय," हे त्यांचं वाक्य दिवसातून चार वेळा कानावर पडे. दुसरं वाक्य होतं, "दुसऱ्या बाजूचा बघितलात काय?" डावा गुडघा दुखत असला तरी त्यांना उजवाही बघायचा असे. जोडीशिवाय कुठल्याच हाडावर त्यांचा विश्वास नव्हता.

मे महिन्यात त्या जुन्या प्लेटा गच्चीवर वाळत घालायच्या. आमच्याकडची हवा दमट, प्लेटा एकमेकींना चिकटतात, बुरशी धरतात. म्हणून एका खाटेवर आमसुलं आणि शेजारच्या खाटेवर लोकांच्या बरगड्या, मांड्या, कवट्या. संध्याकाळी सगळं गोळा करून प्रत्येक दोन प्लेटांमध्ये टाल्कम पावडर भुरभुरायच्या आणि आंब्याच्या लाकडी पेट्यांत लावून ठेवायच्या. पेट्यांना चंदनाच्या पावडरीचा वास यायचा.

आणखी एक रिवाज होता, तो त्यांचा आणि बाबांचा. मशीन दुरुस्त करायला इंजिनीयर आला की नंतर चाचणीचा एक फोटो काढावा लागे. बाबा चप्पल काढून स्वतःचा उजवा पाय गुडघ्यापासून खाली टेबलावर ठेवत. "पेशंटला कशाला उगाच किरण द्यायचे?" आज माझ्यासमोर कुणी असं केलं तर मीच ओरडेन. तेव्हा ती घरातली गंमत वाटायची.

मी मुंबई सोडून कायमची घरी आले ती मोठ्या तोऱ्यात. पहिल्याच महिन्यात एक तरुण मनगट दुखतं म्हणून आला. बंदरावर काम करणारा, शिडीवरून घसरलेला. मी फोटो बघून सांगितलं, काही नाही, मुका मार आहे. दुपारी जेवून परत येते तो तीच प्लेट व्ह्यू बॉक्सवर लावलेली, आणि अंगठ्याखालच्या एका छोट्या हाडाच्या अगदी खाली बाईंची पट्टी टेपने चिकटवलेली. पट्टीची कड जिथे संपत होती तिथे केसासारखी एक रेघ. हाड मोडलेलं होतं. बाबा शेजारी उभे होते.  बाई पेशंटांसमोर मोठ्याने म्हणाल्या, "म्याडमनी बोलावलाय त्या पोराला परत, प्लास्टर घालूक हवा." माझी चूक त्यांनी झाकली. ती उघडी पाडली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून मी त्यांना चुकताना पकडायची वाट बघू लागले. वर्षभरात दोनदा सापडल्या. दोन्ही वेळा त्या स्वतःच "होय गो, चुकला" म्हणाल्या आणि तिसऱ्या मिनिटाला विसरल्या. अशा माणसावर राग काढायचा तरी कसा?

मग मी डिजिटल मशीन आणलं. प्लेट नाही, डार्करूम नाही, फोटो सरळ कॉम्प्युटरवर. लागणारच होतं ते. पण ते मशीन निवडताना बाईंना त्यातलं काहीही येत नाही हे माझ्या मनात होतं, हेही खरं. ते चालवायला एक मुलगी ठेवली आणि बाईंना नोंदवहीवर बसवलं. जुन्या प्लेटा भंगारवाला घेतो, त्यातून चांदी काढतात. मी त्याला बोलावलं. तो यायच्या आदल्या दिवशी बाईंनी टेम्पो आणला आणि पेट्या भरू लागल्या.

मी म्हटलं, "बाई, हे क्लिनिकचं आहे. तुमच्या घरी कसं नेता?"

त्या थांबल्या. बाबांकडे बघितलं. बाबा पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "नेऊ दे तिला."

टेम्पो गेला. दुसऱ्या दिवसापासून बाई आल्या नाहीत. राजीनामा नाही, भांडण नाही. बाबांनी एकदाही मला दोष दिला नाही. पण संध्याकाळी क्लिनिक बंद झाल्यावर ते पंधरा-वीस मिनिटं रिकाम्या व्ह्यू बॉक्ससमोर खुर्ची टाकून बसत. मी कॉम्प्युटरवर चांगल्या केसेस काढून ठेवायची, म्हणायची, "बाबा, हे बघा ना." ते बघत. "छान," म्हणत. मला ते पेन्सिलीचं टोक हवं होतं, मला "छान" नको होतं.

दीड वर्षाने बाबा अंगणातल्या चिऱ्याच्या पायरीवर घसरले. फार लागलं नव्हतं, पण उजवा खुबा दुखायला लागला. खरं तर तो आधीपासून दुखत असावा. ते चालताना उजवा पाय जरासा फेकत, आणि तो पाय मला नडगीपाशी पुढे वाकल्यासारखा दिसायचा. वय झालं, असं मी धरून चालले होते. फोटो काढायला ते तयारच होईनात. शेवटी मी ओरडले तेव्हा टेबलावर झोपले.

स्क्रीनवर चित्र उमटलं. कमरेच्या हाडाची उजवी बाजू पांढरी दिसत होती. सगळी सारखी नाही, कुठे ठिपके, कुठे कापसाचे पुंजके, कुठे जाड दोरे. सत्तरी उलटलेला माणूस, लघवीचा त्रास, आणि हाडात असा पांढरेपणा. आमच्या पुस्तकात पहिली शंका एकच घ्यायची असते. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडात उतरलाय.

आतून बाबांनी विचारलं, "काय दिसतंय?"

"मोडलं नाही काही," मी म्हटलं. "तुम्ही पडून राहा."

मी स्क्रीन बंद केली. रक्त काढून घेतलं. एका तपासणीचा आकडा संध्याकाळीच आला. हाडांत काही उलथापालथ चालू असली की जो वाढतो, तो कितीतरी पट वाढलेला. कॅन्सरची तपासणी मुंबईहून यायची होती, तीन दिवस लागणार होते. त्या तीन दिवसांत मी बाबांना मऊ भात करून घातला, त्यांच्या आवडीची सोलकढी केली, आणि न्हाणीघरात नळ सोडून रडले.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "बाळ, बाईला फोन कर."

मी ताट उचललं आणि आत गेले. माझे वडील मरणार होते, मला ते ठाऊक होतं, आणि त्यांना आठवण कुणाची आली? मी फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच केला.

बाई दुसऱ्या सकाळच्या एसटीने आल्या. हातात जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं एक चपटं गाठोडं. मला बघून म्हणाल्या, "काय गो, सुकलीस किती!" आणि सरळ क्लिनिकमध्ये जाऊन जुना व्ह्यू बॉक्स लावला. ट्यूब दोनदा लुकलुकली आणि पेटली. बाबा काठी टेकत मागोमाग आले.

"खुब्याचा फोटो दाखव," बाई म्हणाल्या.

"बाई, बाबांच्या समोर नको."

"त्यांचाच खुबा हाय ना?"

मी स्क्रीन चालू केली. बाईंनी बघितलं, फार तर अर्धा मिनिट. मग माझ्याकडे वळल्या. "कॅन्सर वाटला तुला?"

मी मान हलवली. बाबांसमोर तो शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला होता. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

"दुसऱ्या बाजूचा बघितलास काय?" असं म्हणून बाईंनी पट्टी काढली आणि माझ्या नव्या स्क्रीनला लावली. "हा डावा. हा उजवा. उजवा मोठा झालाय. जाड झालाय. कॅन्सर हाडात घुसतो, हाडाला मोठा करीत नाय. आणि ही आतली कड बघ, चुलीच्या कडेसारखी झाल्येय."

कड दिसत होती. कमरेच्या आतल्या काठाची रेघ, जी पेन्सिलीने काढल्यासारखी बारीक असायला हवी, ती उजवीकडे बोटभर जाड होती. परीक्षेत मी त्याच खुणेवर उत्तर लिहिलं होतं.

मग त्यांनी गाठोडं सोडलं. बाबांच्या उजव्या पायाचे नऊ फोटो, चाचणीचे, ओळीने. पहिल्यात नडगीचं हाड वरच्या टोकाशी एका जागी विरळ झालेलं, आणि त्या विरळ जागेचा खालचा काठ मेणबत्तीच्या ज्योतीसारखा टोकदार. दुसऱ्यात ती ज्योत थोडी खाली सरकलेली. तिसऱ्यात आणखी खाली. आणि ज्योत पुढे गेली तिथे मागे हाड पुन्हा भरत आलेलं, पण वेडंवाकडं, जाड जाड दोऱ्यांचं, घाईत गवंड्याने बांधल्यासारखं. सहाव्यात हाड रुंद झालेलं. आठव्यात पुढे वाकलेलं. नवव्यात वरचा भाग पांढराशुभ्र, निवलेला, आणि आजार खाली घोट्याकडे निघालेला. प्रत्येक प्लेटच्या कोपऱ्यात बाईंच्या अक्षरात रुंदी लिहिलेली होती.

"पॅजेट," मी म्हटलं.

"पॅजेट," बाबा म्हणाले. ते खुर्चीवर बसले होते आणि माझ्याकडे बघत होते, पुष्कळ वर्षांपूर्वी व्ह्यू बॉक्सपाशी बाईंकडे बघायचे तसे. "आपल्याकडे क्वचित दिसतो. हाड मोडायचं आणि बांधायचं काम शरीर जन्मभर करत असतं, या आजारात त्याचा ताल सुटतो. बरेच जण तो घेऊन जगतात आणि कळतही नाही. मलाही कळला नसता, मशीनची चाचणी केली नसती तर. दुखत नव्हतं, म्हणून सोडून दिला. आता खुब्यात गेलाय."

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"दुसऱ्या फोटोपासून. पहिल्या फोटोत माझ्या नजरेतून सुटला होता. बाईने पकडला."

दुपारी मुंबईचा रिपोर्ट आला. कॅन्सरची खूण त्यात नव्हती. मी तो कागद हातात घेऊन क्लिनिकच्या बाकावर बसले. आनंदाने रडायला हवं होतं, थोडी रडलेही. पण बाई शेजारी येऊन बसल्या तेव्हा तोंडातून निघालं ते वेगळंच.

"मला का नाही सांगितलंत? इतकी वर्षं?"

"डॉक्टरांनी नको सांगितलानी होता. तू परत आलीस तेव्हा दुखत नव्हता, मग सांगायचा राहूनच गेला."

"पण का?"

बाई पट्टीवरची धूळ पदराने पुसत राहिल्या. "तू शिकायला होतीस. वर्षातून चार दिवस यायचीस. डॉक्टर म्हणायचे, चार दिवस येते, हसू दे तिला."

मला यात बाबांचं प्रेम दिसायला हवं होतं. ते नंतर दिसलं. त्या क्षणी मी एवढाच हिशेब केला की चार दिवस माझे होते आणि उरलेलं सगळं वर्ष बाईंचं होतं. दुखणं, काळजी, एकेक फोटो लावून बघणं, सगळं. मला त्यांनी हसणं दिलं. बाईंना त्यांनी स्वतःचं हाड दिलं.

"परत येत जा," मी म्हटलं. मनातून नव्हे, पण म्हटलं.

इंजेक्शन दिलं, दीड-दोन महिन्यांत खुबा दुखायचा कमी झाला, रक्तातला आकडा उतरला. वाकलेला पाय वाकलेलाच राहिला. तो सरळ होत नसतो. पण आजाराने धरलेली वाट पुरती सोडली नाही. कवटीत कानापाशीही तो होताच. बाबांना हळूहळू ऐकू कमी येऊ लागलं. मला एकेक गोष्ट चार वेळा सांगावी लागे. बाईंचं मात्र एका हाकेत पोचायचं, इतका तो आवाज खणखणीत. "डॉक्टर, च्या घ्या!" असं दारातून ओरडल्या की बाबा लगेच वळत. मी बाबांच्या कानाशी तोंड नेऊन बोलायची आणि ते भलतंच उत्तर द्यायचे. आठवड्यातून दोन दिवस बाई येत. त्या दोन दिवसांत ते बोलत. उरलेले पाच दिवस माझे, आणि त्यात ते पेपर वाचत.

अशी तीन वर्षं गेली. एका दुपारी बाबा झोपलेले असताना बाई माझ्या खोलीत आल्या. दार लावलं.

"माझा एक फोटो काढ. छातीचा."

त्या खोकत होत्या, हे मी कितीतरी दिवस ऐकत होते. विचारलं नव्हतं. त्यांना मशीनसमोर उभं केलं. त्या इतक्या बारीक झाल्या होत्या की खांदे नीट टेकवायला मला हात धरावे लागले. आत जाऊन मी बटणाला हात लावला आणि काय म्हणावं ते सुचेना. "श्वास रोखा," म्हटलं. त्यांनी रोखला.

फोटो आला. डाव्या फुप्फुसात वर, लिंबाएवढी गाठ. कडा फाटलेल्या. यात दुसरी शंका घ्यायला जागा नव्हती.

बाई माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी बघितलं, पट्टी काढली नाही. "बोल," म्हणाल्या. "तू वाच. मी नाय वाचत."

मी वाचलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, जसं लिहून देते तसं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, "बरोबर वाचलास." आणि दाराकडे जाताना वळून, "डॉक्टरांना बोलायचा नाय हां. तुझ्या-माझ्यात."

मी हो म्हटलं. आणि जे वाटलं ते लिहून टाकते, कारण आता ते ऐकणारं कुणी उरलं नाही. मला आनंद झाला. एक क्षणभर, पण अगदी स्वच्छ. या बाईंचं काहीतरी माझ्याकडे होतं जे बाबांकडे नव्हतं. पुढच्याच क्षणी मी खुर्चीत बसले आणि त्यांना मुंबईला न्यायची व्यवस्था करायला फोन उचलला. नेलंही. दोनदा मीच बरोबर गेले. बाबांना सांगितलं, बाई मुलीकडे गेल्यायत.

पावसाळ्यानंतर त्या त्यांच्या वाडीत, खाडीकडच्या घरात वारल्या. मी बाबांना गाडीत घालून घेऊन गेले. लोक उठले, वाट करून दिली. बाबा आत जाऊन बाईंच्या पायाशी बसले, वाकडा पाय लांब करून.  परत येताना, गाडी चढावर असताना, त्यांनी विचारलं, "तुला माहीत होतं?"

मी त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "हो."

"कधीपासून?"

"सहा महिने."

"मला का नाही सांगितलंस?"

माझं पुढचं वाक्य त्यांना पहिल्याच वेळी ऐकू गेलं. "त्यांनी नको म्हटलं होतं."

बाबांनी मान हलवली आणि खिडकीबाहेर बघू लागले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी चांगलंच ओळखत होते. मी ते वर्षानुवर्षं आरशात बघितलं होतं. मी गाडी बाजूला घेतली, त्यांचा हात हातात घेतला, आणि बाईंच्या खोकल्यापासून सगळं सांगायला सुरुवात केली. मोठ्याने, त्यांना ऐकू जाईल असं.